माझ्या पायाखालचं खोडरबर

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी आज रागात आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की त्यांचा गळा दाटून येतो, असं तुम्ही वाचलं असेल. माझा गळा बिळा काही दाटलेला नाही. मला भांडायचं आहे, आणि भांडण संपेपर्यंत तुम्ही जागेवरून उठायचं नाही.

मी एक जुना ईएसआर स्टँड आहे. नाशिक रोड स्टेशनकडून देवळाली गावाकडे जाताना रक्त तपासणीची एक छोटी लॅब लागते. तिथे खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. दिसायला मी देखणा नाही. खाली लोखंडी पाया, त्यावर उभी चौकट, आणि चौकटीत काचेच्या सहा लांब नळ्या उभ्या धरायची सोय. पायाखाली तीन पितळी स्क्रू आहेत, तेच माझे पाय. ते कमीजास्त फिरवले की मी अगदी सरळ उभा राहतो. मी सरळ आहे की नाही हे दाखवायला माझ्या पायावर काचेची एक छोटी डबी होती. तिच्यात पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. गवंडी भिंत बांधताना बघतात तसला. बुडबुडा मधोमध आला की समजायचं, मी सरळ आहे.

माझं काम सोपं आहे, पण ते करायला धीर लागतो. रक्त नळीत भरून उभं ठेवलं की तांबड्या पेशी हळूहळू खाली बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं. तासाभरात त्या किती मिलिमीटर खाली गेल्या, एवढंच मी सांगतो. निरोगी पोराच्या पेशी दमादमाने उतरतात. अंगात कुठे सूज धुमसत असली तर रक्तात काही द्रव्यं वाढतात, पेशी एकमेकींना चिकटतात, भाकऱ्यांच्या चवडीसारख्या एकावर एक रचल्या जातात आणि भराभर तळाला जातात. सूज कुठे आहे, कशाने आहे, ते मला कळत नाही. पण आहे, हे मी ठणकावून सांगतो. अट एकच. मी सरळ उभा पाहिजे. नळी जराशी जरी कलली तरी पेशी काचेच्या कडेने घसरतात आणि आकडा उगाच फुगतो.

अंबाल्याच्या एका कारखान्यात मी तयार झालो आणि गवताच्या खोक्यात बसून नाशिकला आलो. भारतसरांनी लॅब नुकतीच उघडली होती. ते नवे होते, मीही नवा होतो. रोज सकाळी आल्याबरोबर ते आधी माझा बुडबुडा बघायचे, मग चहा घ्यायचे. आसपासचे डॉक्टर म्हणायचे, "भारतच्या लॅबचा आकडा म्हणजे आकडा." ते ऐकून मी मनातल्या मनात चौकटीबाहेर फुगायचो. सुखाचे दिवस होते ते.

मग तो दसरा आला. दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात हे तुम्हाला माहीत आहेच. त्या दिवशी लॅबमध्ये सुईपासून फ्रिजपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. नारळ खरं तर बाहेर पायरीवर फोडायचा. पण भारतसरांना घरी जायची घाई, म्हणून त्यांनी तो माझ्याच टेबलाच्या कडेवर दणकन आपटला. टेबल हादरलं आणि मी खाली. एक पाय मुळापासून मोडला, बुडबुड्याची डबी फुटली, पाणी फरशीवर सांडलं.

आणि मग त्यांनी काय केलं असेल? मला उचललं. नारळाचं पाणी पुसलं. कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, समोर पेढा ठेवला आणि हात जोडले. मोडक्या पायाखाली औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून सरकवला आणि म्हणाले, "दिवाळी झाली की पाय बसवून घेऊ." अहो, ज्याचा पाय मोडला त्याला हार! दिवाळी झाली, संक्रांत झाली, पुढचा दसरा आला, पुन्हा हार आला. अशी वर्षं गेली, पाय आला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि तळपाय तरी कुठे धड होते?

पुठ्ठा पाण्याने भिजायचा, दबायचा, आणि मी तिरका व्हायचो. आकडे फुगायला लागले. ते भारतसरांच्या लक्षात आलं, पण त्यावर त्यांनी काढलेला उपाय ऐका. लॅबमध्ये कामाला असलेल्या प्रतिभाताईंना त्यांनी सांगितलं, "स्टँड तिरका आहे ना, मग दहा-पंधरा वजा करून लिहीत जा." झालं. तीच पद्धत पडली. मी बोलायचं आणि त्यांनी माझ्या बोलण्यातून वजाबाकी करायची. स्क्रू बसवण्यापेक्षा त्यांना ते सोपं वाटलं.

अशाच एका थंडीच्या दिवसांत, संध्याकाळी, हाजराभाभी आपल्या मुलीला घेऊन आल्या. भाभी देवळाली गावात साड्यांना फॉल-पिको करून देतात. नवरा महेबूब निफाडकडे टेम्पो चालवतो. दिवसभर दोघांनाही सवड नाही, म्हणून डॉक्टर असो की लॅब, मुलीला न्यायचं ते संध्याकाळीच. मुलगी तरन्नुम, आठ वर्षांची. पाठीला दप्तर, आणि स्वतःच्या पायांनी चालत आलेली.

"सकाळी हिला उठताच येत नाय ओ भाऊ," भाभी भारतसरांना सांगत होत्या. "बिछान्यावरून मोरीपर्यंत मी उचलून नेते. बटण लावता येत नाय, ब्रश धरता येत नाय. आणि दुपारनंतर बघा, चालते अशी की काही झालंच नाय! शाळेत टीचर म्हणतात नाटक करते. डॉक्टरसाहेब म्हणाले वाढीचं दुखणं आहे, तरी एकदा रक्त बघून घेऊ."

"लहान पोरांचं असंच असतं भाभी," भारतसर हसले. "कुणाचं पोट दुखतं, कुणाचे पाय. शाळा सुटली की सगळं बरं."

तरन्नुम हसली नाही. ती माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिच्या बोटांची मधली पेरं सुजून गोल झाली होती. मला डोळे नाहीत म्हणतात, पण मला दिसलं. डोळे असलेल्यांना दिसलं नाही.

"अम्मी, याचा पाय मोडलाय," ती म्हणाली.

"हात नको लावू बेटा."

पण अम्मी भारतसरांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवत होत्या. तेवढ्यात तरन्नुमने दप्तरातून खोडरबर काढलं. हिरवं, झिजून अर्धं झालेलं, पेनाने नाव लिहिलेलं. तिने माझ्याखालचा ओला पुठ्ठा ओढून काढला आणि त्या जागी रबर सरकवलं. मग एक डोळा मिटून मला खिडकीच्या गजाशी ताडून बघितलं. रबर आणखी थोडं आत ढकललं. पुन्हा बघितलं. मी सरळ झालो! इतक्या वर्षांनी मी गजासारखा सरळ उभा होतो.

"आता बरं वाटतं?" तिने मला हळूच विचारलं.

मित्रांनो, आजवर असं मला कोणी विचारलं नव्हतं. त्या एका क्षणापुरता माझा राग पार विरघळला. तो पुन्हा कसा गोळा झाला ते आता सांगतो.

तिचं रक्त काढलं, नळीत भरलं, माझ्यात उभं केलं. तासाभरात त्या पेशी तळाकडे अशा धावल्या की मीच घाबरलो. प्रतिभाताईंनी वाकून बघितलं आणि आतल्या खोलीकडे हाक दिली, "सर, चौऱ्याऐंशी. वजा किती करू?"

"चौऱ्याऐंशी?" भारतसर खुर्चीतूनच बोलले. "अगं, आठ वर्षांची पोर आहे. चालत आली ना आत्ता? लहान मुलांना कुठे संधिवात होतो! तो स्टँड कधी सरळ उभा असतो का? अठरा टाक."

"अठरा?"

"उगाच घाबरून जाईल तिची आई. टाक अठरा."

मी सरळ उभा आहे! मी किंचाळत होतो, सर, उठा, इकडे या, माझ्या पायाखाली बघा! पण लोखंडाचा आवाज कोणाला ऐकू जातो? आकडा अठरा गेला. त्याच रक्तात हिमोग्लोबिनही कमी आलं होतं. त्यावर डॉक्टर म्हणाले, पालेभाजी खाऊ घाला, आणि लोहाचं टॉनिक लिहून दिलं. सगळ्यांनी हात झटकले. कागदावर तरन्नुम ठणठणीत होती.

हा राग मी वर्षभर पोटात ठेवला. तरन्नुम गप्प राहिली तर तिला दुखतंय असं कोणी मानत नव्हतं, आणि कळवळली की नाटक म्हणत होते. माझंही तेच होतं. मी कमी सांगितलं तर बरोबर, आणि जास्त सांगितलं तर मी वाकडा.

पुढचा पावसाळा सरत आला तेव्हा आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर डॉक्टर मंजुषा यायला लागल्या. लहान मुलांच्या सांध्यांच्या डॉक्टर. महिन्यातून एकदा, आणि सकाळी. शेजारणीने सांगितलं म्हणून भाभींनी त्या दिवशी काम सोडलं आणि तरन्नुमला आणलं. या खेपेला ती चालत आली नाही. महेबूबच्या खांद्यावर आली. डावा गुडघा वाकलेला होता आणि तो सरळच होत नव्हता. सकाळची तरन्नुम कोणीतरी डॉक्टर पहिल्यांदाच बघत होतं.

मंजुषाताई तिच्याबरोबर स्वतः खाली लॅबमध्ये आल्या. रक्त काढून झालं, नळी माझ्यात लागली. मग त्यांनी रक्ताचा थेंब काचेवर पसरून रंगवून घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. भाभी धास्तावून बघत होत्या.

"मुलांनाही संधिवात होतो, भाभी," मंजुषाताई म्हणाल्या. "आणि हा तोच आहे. तरन्नुम, ये, बघ. या जांभळ्या दिसतात ना, त्या पांढऱ्या पेशी. तुझ्याकडे त्या हव्या त्यापेक्षा जास्त झाल्यात. हे बारीक ठिपके, त्यांचीही गर्दी झाली आहे. आणि तांबड्या पेशी फिक्या पडल्यात, कारण आत सूज चालू असली की शरीराला लोह नीट वापरता येत नाही. टॉनिक पिऊन ते जात नाही."

"पण का झालं?" तरन्नुमने विचारलं.

"पूर्ण कुणालाच माहीत नाही अजून. बघ, तुझ्या पुस्तकात कसे धडे असतात, तसे पेशीच्या आत हजारो धडे असतात. त्यांना जीन म्हणतात. प्रत्येक पेशी सगळे धडे उघडत नाही, आपल्या कामापुरते उघडते, बाकीचे मिटून ठेवते. तुझ्या काही पांढऱ्या पेशींनी सूज आणायचे धडे उघडलेत आणि त्या ते मिटायलाच तयार नाहीत. जखम नाही, जंतू नाही, तरी त्या तुझ्या गुडघ्याशी भांडतायत."

"मग मिटवा ना."

मंजुषाताई हसल्या. "औषध तेच करायला बघतं. अम्मी हो म्हणाली तर मी आणखी एक नळी घेईन. कोणते धडे उघडे आहेत ते आम्ही त्यातून मोजतो, आणि औषध सुरू झाल्यावर पुन्हा मोजतो. हा अभ्यास आहे, भाभी. त्याच्यावर आज हिचं औषध ठरत नाही. औषध मी मूल बघून ठरवते. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आजच जा. या आजारात कधी कधी डोळ्याच्या आत सूज येते आणि मुलाला कळतही नाही."

मी ऐकत होतो. मला पेशी फक्त खाली बसताना दिसतात. त्यांच्या आत एवढं पुस्तक असतं हे मला त्या दिवशी कळलं. भाभींनी मान हलवली आणि वेगळी नळी भरली गेली. तेवढ्यात माझा तास झाला.

"पंच्याण्णव," प्रतिभाताई म्हणाल्या.

"मॅडम, तो स्टँड जरा तिरका आहे," भारतसर सवयीने पुढे आले. "त्यातून थोडे वजा..."

"वजा?" मंजुषाताईंनी वर बघितलं. त्यांच्या हातात मागच्या थंडीतला रिपोर्ट होता. "मागच्या वेळी अठरा लिहिलंय तुम्ही. आकडा अठराच आला होता, की वजा करून अठरा केला?"

भारतसर खोटं बोलले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने सांगतो. "चौऱ्याऐंशी आला होता," ते म्हणाले. "मला वाटलं, स्टँड तिरका आहे म्हणून."

"तिरका नव्हता, काका," तरन्नुम म्हणाली. "मी रबर ठेवला होता."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने सुजलेलं बोट माझ्या पायाकडे केलं. भारतसरांनी मला दोन्ही हातांनी उचललं. वर्षभर माझ्याभोवती फडकं फिरलं होतं, पण मला उचलून खाली कोणी पुसलं नव्हतं. खाली हिरवं खोडरबर होतं, चपटं झालेलं, टेबलाला चिकटलेलं. त्यावर नाव अजून वाचता येत होतं.

भारतसरांनी ते नाव वाचलं. त्यांना दोन गोष्टी एकदम कळल्या असणार. एक, त्या संध्याकाळी मी खरं सांगत होतो. आणि दुसरी, त्यानंतरही मी सरळच उभा होतो, आणि आलेल्या प्रत्येकाच्या आकड्यातून ते वजा करत आले होते.

मग हाजराभाभी बोलल्या. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता.

"तुमचा कागद बघून मी हिला म्हणाले, तू खोटं बोलतेस. एका सकाळी उठेना म्हणून मी हिला मारलं, भाऊ. पाय धरून रडत होती ही, आणि मी मारलं. माझ्या पोरीवर विश्वास नाय ठेवला मी, तुमच्या कागदावर ठेवला. आता ते मी कशातून वजा करू, सांगा!"

तरन्नुमने अम्मीचा पदर धरला आणि नुसती उभी राहिली, एका पायावर.

त्या दिवसानंतर भारतसरांनी जे करायचं ते केलं. वर्षभरात आलेल्यांना फोन करून पुन्हा बोलावलं, फुकट तपासलं. दुसऱ्या सकाळी भाभींबरोबर शाळेत गेले आणि टीचरसमोर म्हणाले, "मुलगी खरं बोलत होती, चूक माझी आहे." माझा नवा पितळी पाय आला, बुडबुड्याची नवी डबी आली. तरन्नुमचं औषध सुरू झालं, व्यायाम सुरू झाला. डोळे वेळेवर बघितले गेले म्हणून वाचले. बोटांची सूज उतरली. आता ती सकाळी स्वतः बटणं लावते.

पण डावा गुडघा पूर्ण सरळ होत नाही. थोडासा वाक राहिला आहे. मंजुषाताई म्हणतात, आणखी सुटेल, पण सगळा सुटेल असं त्या म्हणत नाहीत. आधी आली असती तर राहिला नसता, हेही त्या म्हणाल्या, आणि ते भारतसरांनी ऐकलं. तुम्ही म्हणाल, आता सगळं ठीक झालं, राग सोड. नाही सोडत! ती चालायला लागली की तो वाक दिसतो, आणि मला तो अठरा आठवतो.

परवा दसरा झाला. औषध चालू असल्याने तरन्नुमला ठरावीक दिवसांनी रक्त द्यावं लागतं, म्हणून ती आलेली होती. भारतसरांनी नारळ बाहेर पायरीवर फोडला. मग हार घेऊन माझ्याकडे आले, थांबले, हार बाजूला ठेवला आणि खाली वाकून आधी बुडबुडा बघितला. धुऊन जपून ठेवलेलं ते खोडरबर त्यांनी ड्रॉवरमधून काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

"घे बेटा, तुझं रबर. आता याला नवा पाय बसवलाय."

तरन्नुमने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"इथेच राहू द्या, काका," ती म्हणाली. "तुम्ही परत विसराल."

ते खोडरबर आता बुडबुड्याशेजारी ठेवलेलं आहे. ते दिसलं की भारतसर माझा पाय बघतात. मित्रांनो, माझं भांडण संपलं. मला हार नको, कुंकू नको, पेढा तर मला खाताही येत नाही. ज्याच्या शब्दावर तुम्ही दुसऱ्याचं दुखणं मोजता, त्याचा पाय मोडला तर तो त्याच दिवशी बसवा. आणि एखादं मूल सकाळी उठून "दुखतंय" म्हणालं, तर त्यातून काहीही वजा करू नका.